कोर्ट उठेपर्यंत

"तुमी मले इचारलंच नाई, साहेब," गोमतीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हसण्यातही घातलं नाही. पाण्याचा पेला तिपाईवर ठेवता ठेवता माणूस जसं बोलून जातो तसं बोलल्या, आणि मग समोर बसलेल्या रूपालीकडे पुढच्या प्रश्नासाठी पाहू लागल्या. इंद्रभान वकिलांच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. वाशीममधल्या त्यांच्याच घरातला हा दिवाणखाना होता, त्यांच्याच कायद्याच्या पुस्तकांची कपाटं पाठीशी होती, रविवारची सकाळ होती. रूपालीनं उंच तिपायी स्टँडवर मोबाइल लावलेला, दोघांच्या कपड्यांना छोटे माइक अडकवलेले. ती कॉलेजात तासिकांवर शिकवायची आणि जिल्ह्यातल्या जुन्या कलावंतांच्या, चळवळीतल्या माणसांच्या गप्पा चित्रित करून इंटरनेटवर टाकायची. या खेपेला तिनं दोघांना समोरासमोर बसवलं होतं : रेडिओवर गाजलेली बंजारा गायिका, आणि तांड्यांवरच्या लोकांसाठी चाळीस वर्षं कोर्टात उभा राहिलेला वकील. गाण्यावर बोलून झालं होतं, प्रसिद्धीवर बोलून झालं होतं. माइकसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर घसा कसा सुकला, पुढे कॅसेटी निघाल्या तेव्हा ट्रकवाले गाणी लावून तांड्यावरून कसे जायचे, हे गोमतीबाईंनी सांगितलं होतं. मग न्यायाचा विषय निघाला, आणि इंद्रभानजींनी आपली नेहमीची हकीकत सुरू केली. सभांमधून, सत्कारांमधून त्यांनी ती इतक्यांदा सांगितली होती की कुठे थांबलं की ऐकणारे हळहळतात आणि कुठे टाळ्या पडतात, हे त्यांना पाठ होतं. बावीस वर्षांची पोर, चोरीचा आळ, दुसऱ्या दिवशी नागपूरला रेडिओची स्वरपरीक्षा, आणि आपण एका दिवसात तिला कशी सोडवली. "मी हिला म्हटलं, बाई, गुन्हा कबूल कर, कोर्ट उठेपर्यंतची कैद होईल, संध्याकाळी सुटशील," इथवर ते आले होते.

रूपालीनं पुढचं काहीतरी विचारलं. तेही काहीतरी बोलले, बहुधा जुन्या कायद्याबद्दल, इंग्रजांनी कितीएक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं आणि कायदा रद्द झाला तरी ठाण्यातली नजर कशी बदलली नाही, त्याबद्दल. हे सगळं खरं होतं आणि बोलायला सोपं होतं. पण बोलताना त्यांना आपला आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. दुपारी सगळं आवरल्यावर गोमतीबाई सुनेला, मंजूला, घेऊन पायऱ्या उतरल्या. "येते साहेब," म्हणाल्या, नेहमीसारख्याच. त्यांच्या वागण्यात कुठे अढी दिसते का, हे ते पाहत राहिले. काही दिसलं नाही. उलट उतरताना त्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला हात, त्यावरच्या विरलेल्या गोंदणाच्या खुणा, हे सगळं फार साधं होतं. बोलायचं ते बोलून मोकळ्या झालेल्या माणसाचं.

संध्याकाळी रूपालीचा फोन आला. "काका, एक विचारायचं होतं. ते गोमतीबाईंचं मधलं वाक्य आहे ना, तुम्ही विचारलं नाही म्हणतात ते. ते ठेवू, की?" इंद्रभानजी गच्चीत होते. खाली अकोला नाक्याकडे जाणारे ऑटो हॉर्न वाजवत होते. विचार करायला वेळ घेतला असं दाखवण्याइतकंच ते थांबले. "काढून टाक," ते म्हणाले, "ऐकनाऱ्याचा उगाच गैरसमज होईन. त्या बाईले तसं म्हनायचं नव्हतं." रूपाली "बरं काका" म्हणाली. फोन ठेवल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाढेत काहीतरी अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी तसं ते वाक्य त्यांच्याजवळ राहिलं. बाईला तसं म्हणायचं नव्हतं, हे आपल्याला कसं कळलं? हेही आपण विचारलेलं नाही.

चार दिवसांनी चित्रफीत आली. लोकांनी खाली भरभरून लिहिलं. तांड्यांचा देवमाणूस, असं कुणी म्हटलं, कुणी त्यांच्या पाया पडणारी चित्रं टाकली. पुण्याहून मुलानं, ऋषिकेशनं, फोन करून सांगितलं की ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. इंद्रभानजींनी ती एकट्यानं पाहिली, सदतिसाव्या मिनिटापर्यंत आले आणि तिथेच अडकले. रूपालीनं काप सफाईनं घातला होता, पण पूर्णपणे लपला नव्हता. "संध्याकाळी सुटशील," असं ते म्हणतात तेव्हा गोमतीबाईंचा हात पेल्याकडे निघालेला असतो. लगेच पुढच्या क्षणी पेला तिपाईवर आणि हात मांडीवर. हात कुठेच न जाता तिथे पोचलेला. ती उडी त्यांनी बोटानं मागे सरकवून सरकवून पाहिली. बघणाऱ्याला डोळे मिटल्याइतकंही जाणवणार नाही. पण त्या फटीत आपण एका बाईला दुसऱ्यांदा गप्प केलं आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यातला 'दुसऱ्यांदा' हा शब्द कुठून आला म्हणून ते दचकले.

मग त्यांनी स्वतःशी वाद घातला. वाद घालणं हा त्यांचा धंदाच होता. वकील पक्षकाराला 'तू केलंस का' असं विचारत नसतो. ज्येष्ठांनी त्यांना हेच शिकवलं होतं आणि त्यांनीही हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं. खरंखोटं ठरवायला न्यायाधीश बसलेला असतो, आपण पुरावा पाहायचा. आणि त्या दिवशी वेळ कुठे होता? मंगरूळपीरच्या कोर्टात ते जेमतेम दोन वर्षांचे वकील. सकाळी नऊ वाजता लखमा, गोमतीचा भाऊ, दारात उभा. त्याच्या गालावर वळ होते. तालुक्यातल्या एका बड्या शेतकऱ्याकडे लग्न होतं, घरातल्या बायकांनी हौसेनं गोमतीला गायला बोलावलं होतं. नवरी सासरी निघताना तांड्यावरच्या बायका गळ्यात गळा घालून जे गातात, ते तिनं गायलं, आणि म्हणे मांडवातली पुरुषमाणसंही डोळे पुसत उठून बाजूला गेली. मग देवघरातला चांदीचा करंडा दिसेना. घरात दोनशे पाहुणे होते. झडती एकटीची झाली. करंडा मिळाला नाही, तरी तिला ठाण्यात नेलं, तांड्यावर जाऊन भांडीकुंडी उलथीपालथी केली, आड आला म्हणून लखमाला मारलं. लखमानं हे सांगताना खिशातून घडी केलेलं पत्र काढलं होतं. रेडिओचं पत्र, उद्या सकाळी अकराची वेळ. "साहेब, तिले आज काहाडा," एवढंच तो म्हणत होता. आज काढायचं तर एकच वाट होती. लहान रकमेची चोरी, बाईमाणूस, पहिलाच गुन्हा. कबूल केलं तर थोडक्यात सोडतील इतके न्यायाधीश मायाळू होते. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी गोमतीला दोन मिनिटांत सगळं समजावलं. ती ऐकत होती, ओढणीचं टोक दातात धरून. न्यायाधीशसाहेबांनी 'कबूल आहे का' म्हटलं की 'कबूल आहे' म्हणायचं. ती काहीतरी बोलायला गेली होती का? तोंड उघडलं होतं का तिनं? इंद्रभानजींना तो व्हरांडा आठवत होता, भिंतीला टेकवलेल्या सायकली आठवत होत्या, स्वतःचा नवा काळा कोट आणि त्याच्या बगलेतला घाम आठवत होता. तिचं तोंड आठवत नव्हतं.

ती म्हणाली, "कबूल आहे, साहेब." शिक्षा झाली : कोर्ट उठेपर्यंत कैद. मागच्या बाकावर ती बसून राहिली, बारापासून साडेपाचपर्यंत. ते मात्र दुपारी इतर वकिलांबरोबर चहाला गेले आणि सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. संध्याकाळच्या गाडीनं भाऊबहीण नागपूरला गेले. तीन महिन्यांनी रेडिओवर तिचं नाव ऐकलं तेव्हा त्यांनी मनकर्णाला, बायकोला, स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. तेव्हाच त्यांनी ही हकीकत पहिल्यांदा रंगवून सांगितली.

दुपारी झोप लागेना. पंखा फिरत होता, नोव्हेंबर असूनही त्यांना उकडत होतं. मनकर्णाबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "तुमाले काय होऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं, "चार दिस झाले, जेवताना भात चिवडून राह्यले नुसता." त्यांनी सांगितलं. पूर्ण नाही, गोमतीबाई असं असं म्हणाल्या, एवढंच. मनकर्णाबाईंच्या बोटातली शेंग थांबली. "म्या इचारलं व्हतं ना तुमाले," त्या म्हणाल्या, "रेडिओ लागला त्या दिवशी. त्या पोरीनं खरंच घेतला व्हता का, म्हनून."

"मंग मी काय म्हटलं?"

"तुमी म्हटलं, कोनाले ठाऊक, सुटली ना." मग त्यांनी शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "मले वाटलं, वकिलाले ठाऊक नसन तर मंग कोनाले असन. पन तुमी खुश होते, तवा म्या बोलली नाई."

ते उठून बाहेर पडले. पाटणी चौकापर्यंत चालत गेले, तिथून पुढे, उगाचच रेल्वे स्टेशनपर्यंत. ओळखीची माणसं नमस्कार करत होती, त्यांनी चित्रफीत पाहिलेली होती. चपलांच्या दुकानासमोर एका तरुण वकिलानं गाडी थांबवून त्यांचे पाय धरले आणि त्यांनी ते धरू दिले. स्टेशनच्या बाकावर बसून त्यांनी पुन्हा तोच बचाव मांडला : वकील विचारत नसतो. आणि तिथे, समोर मालगाडी उभी असताना, त्यांना रामकिसन आठवला. इंझोरीचा त्यांचा चुलतभाऊ. गोमतीच्याच वर्षीची गोष्ट. गावच्या सोसायटीच्या गोदामातून खताची पोती गेली आणि रामकिसनवर नाव आलं, तिथे तो चावी सांभाळायचा. इंद्रभानजी त्या दिवशी मुद्दाम इंझोरीला गेले होते. रामकिसनला विहिरीवर नेलं, काठावर शेजारी बसवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि विचारलं. हे त्यांना आता इतकं स्पष्ट आठवलं की बाकाची कड त्यांनी हातानं घट्ट धरली. "रामा, माह्याकडे पाह्य. खरं सांग. तू नेली का?" रामकिसन म्हणाला, "नाई दादा." तेवढं पुरलं होतं. त्या 'नाई'वर ते दोन वर्षं लढले, साक्षीदार उलटतपासणीत मोडले, आणि रामकिसन निर्दोष सुटला. कबूल कर, संध्याकाळी सुटशील, असं त्याला म्हणायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कबूल केलं तर डाग राहतो, घराण्याचं नाव जातं, पोरांची लग्नं अडतात. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त तांड्यावरच्या मुलीलाही नाव असतं, हे त्या सकाळी त्यांच्या लक्षात आलं नाही. की आलं होतं, आणि त्यांनी असं धरलं होतं की तिथे डाग आधीचाच आहे, आणखी एकानं काय होणार? वेळ नव्हता हे खरं. पण एका प्रश्नाला किती वेळ लागतो? मालगाडी हलली, डब्यामागून डबा जात राहिला, आणि पुढे त्यांनी लढलेले, गाजलेले, वर्तमानपत्रात आलेले तांड्यांवरचे एकेक खटले त्यांच्यासमोरून गेले. पुष्कळांना त्यांनी सोडवलं होतं. पुष्कळांसाठी ते ठाण्यात जाऊन भांडले होते, धमक्या खाल्ल्या होत्या, ते खोटं नव्हतं. त्यांतल्या कुणाच्या खांद्यावर हात ठेवून आपण विचारलं होतं, हे शोधता शोधता गाडी संपली आणि रूळ रिकामे दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं मंगरूळपीरला गेले. गाडी होती, ड्रायव्हर बोलावता आला असता. पण असल्या कामाला ड्रायव्हर नको वाटला. तिथून ऑटो करून सोमलानाईक तांड्यावर. दिवाळी होऊन गेलेली, निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. गोमतीबाईंचा मुलगा बादलही गेला होता. मंजूनं खाट अंगणात टाकली, पाणी दिलं. गोमतीबाई आतून हात पुसत आल्या, त्यांना एकट्याला पाहून थबकल्या, मग समोर दगडावर बसल्या. त्यांनी खाटेवर बसावं म्हणून ते सरकले, पण त्या दगडावरच बसल्या.

"त्या दिवशी तुमी म्हटलं, मी इचारलं नाई," इंद्रभानजी म्हणाले. वाटेत त्यांनी जुळवलेलं सगळं भाषण एसटीतच राहिलं होतं. "आज इचाराले आलो. तो करंडा तुमी घेतला होता का?"

गोमतीबाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. "नाई," त्या म्हणाल्या, "म्या नाई घेतला."

आणि त्या क्षणी इंद्रभानजींच्या आत एक माणूस जागा झाला. तो त्या 'नाई'चं वजन करू लागला. किती वेळानं आलं, डोळे कुठे होते, हात कुठे होते, बेचाळीस वर्षांत ठरवून ठेवलेलं उत्तर असं येऊ शकतं का. त्यांनी त्याला हाकलायचा प्रयत्न केला. तो गेला नाही. विहिरीच्या काठावर रामकिसन बोलला तेव्हा हा माणूस कुठे होता? त्यांचा चेहरा बहुतेक तसाच राहिला असावा, पण गोमतीबाईंनी आयुष्यभर हजारो माणसांसमोर उभं राहून चेहरे वाचले होते.

"तुमी मोजून राह्यले," त्या म्हणाल्या.

ते खाली पाहू लागले. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. खोटं बोलता आलं असतं. "हो," ते म्हणाले.

"मोजा," गोमतीबाई म्हणाल्या. "सगळे मोजतेत. मले तुमचाच राग आला असा नाई, साहेब. तुमी नसते तर रेडिओ नसता, हे मले ठाऊक हाये. पन लगन झालं तवा नवऱ्यानं इचारलं. मोहनसिंग भला मानूस होता, तरी बी इचारलं. सासूनं इचारलं. तिकडे नागपूरले एका बाईनं इचारलं, जी माह्यासंग गात होती. म्या नाई म्हने, तर सगळे म्हनत, मंग कोर्टात कबूल काहून केलं? त्याले म्या काय सांगू? वकिलानं सांगलं म्हनून? तांड्यावर पोलीस आले का पह्यले माह्या घरी येत, कागदावर नाव होतं ना. रेडिओवर नाव, आन ठान्यातल्या कागदावर बी नाव. गानं आयकून लोक म्हनत, करंडेवाली गाऊन राह्यली." त्यांनी ओढणी डोक्यावर सारखी केली. "ज्याइचा करंडा गेला, त्या घरून मंग एकदा जीप आली होती. नातीचं लगन, गायले या म्हने. ते जुनं आमी सोडलं म्हने. त्याइनं सोडलं. म्या काय सोडाचं, ते मले समजलं नाई. गेली नाई मी. इचारनाऱ्याले म्या नाई म्हनू शकत होती, साहेब. पन कबूल म्हनाच्या आधी जर एकानं इचारलं असतं, तर ते 'नाई' कुठंतरी राह्यलं असतं. तुमच्यापाशी राह्यलं असतं."

इंद्रभानजींना बोलायचं होतं. खटला पुन्हा उघडता येतो, विलंब माफ करून घेता येतो, वरच्या कोर्टात अर्ज करता येतो, मी स्वतः प्रतिज्ञापत्र देतो. हे सगळं भराभर त्यांच्या तोंडात आलं, आणि त्यांनी ते सांगितलंही. गोमतीबाईंनी ऐकून घेतलं. कोर्टाचं पाहू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीनं माह्यं बोलनं कापलं. मंजूनं दाखवलं मले. तुमी सांगलं होतं का?"

"मी सांगितलं."

"मंग तिले बोलवा. तिच्या त्या मोबाइलच्या डब्यापुढंच बोलू. इथं बोललेलं कोंबड्याच आयकतेत."

रूपाली पुढच्या रविवारी आली. तिचा चेहरा ओशाळलेला होता. आल्या आल्या ती गोमतीबाईंना म्हणाली की तिनं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, आणि गोमतीबाईंनी तिच्या हातात चहा दिला. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. रूपाली आपल्या जागेवर बसायला गेली, तर गोमतीबाई त्या खुर्चीत आधीच बसल्या होत्या. "आज म्या इचारते," त्या म्हणाल्या. माइक त्यांनी स्वतःच ओढणीला लावला, सवयीच्या हातानं, गळ्यापासून बरोब्बर तेवढ्याच अंतरावर. इंद्रभानजी समोर बसले. तांड्यावर उरलेल्या दोनचार म्हाताऱ्या येऊन भिंतीशी टेकल्या. मंजू लेकराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. उन्हानं इंद्रभानजींचे डोळे बारीक होत होते आणि हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. आयुष्यभर ते प्रश्न विचारत आले होते. पिंजऱ्यात उभ्या माणसाला आपल्या हातांचं काय करावं हे सुचत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं आणि त्याचा उपयोगही करून घेतला होता.

"नाव सांगा," गोमतीबाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं.

"गाव?"

"इंझोरी."

"म्या बावीस वर्साची होती, तुमी माहे वकील होते. तुमी मले काहून इचारलं नाई, का तू करंडा घेतला का?"

तीन उत्तरं तयार होती. वेळ नव्हता. वकील विचारत नसतो. तुझं भलं व्हावं म्हणूनच केलं. तिन्ही खरी होती आणि तिन्ही त्यांनी अनेकदा वापरली होती. जिभेच्या टोकावर ती रांगेत उभी होती. कुठेतरी लांब मळणीयंत्र चालू होतं. ते तेवढ्या वेळात थांबेल अशी त्यांनी विनाकारण वाट पाहिली. थांबलं नाही.

"कारन मले वाटलं होतं, तू घेतलाच असशीन," ते म्हणाले. बेचाळीस वर्षांपूर्वीचं 'तू' त्यांच्या तोंडून आपोआप आलं होतं आणि त्यांनी ते मागे घेतलं नाही. "तांड्यावरची पोर हाये, घेतला असन. त्यात इचाराचं काय. हे मी मनात बी म्हटलं नाई, येवढं ते मले ठरलेलं वाटलं. माह्या चुलतभावावर आळ आला, तवा मी त्याले इचारलं होतं. तुले नाई इचारलं. आन मंग मी तुमच्यावरल्या अन्यायावर भाषनं करत फिरलो."

भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीनं दुसरीला गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी सांगितलं. गोमतीबाईंच्या चेहऱ्यावर त्यांना समाधान दिसलं नाही, रागही दिसला नाही. गाण्याआधी सूर ऐकून घेणाऱ्या माणसासारखं त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"आन आज?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी धरला नव्हता. आतला तो माणूस लगेच उठून बसला. "आज तुमी नाई म्हनता," इंद्रभानजी सावकाश म्हणाले, "आन मी ते खरं धरतो. पन ते आपसूक नाई येत, गोमतीबाई. मनात एक मानूस बसून हाये, तो पुरावा मागते. रामकिसनच्या वक्ताले त्यानं नव्हता मागतला. तुमच्यापाशीच मागते. त्याले मी गप्प करून राह्यलो. उद्या तो पुन्हा बोलन, तवा पुन्हा करावं लागन."

"करा," गोमतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी वळवली आणि पहिल्यांदाच थेट मोबाइलकडे पाहिलं. स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, तांड्याचं सांगितलं. "तो चांदीचा करंडा म्या घेतला नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज गाण्यातला नव्हता, पण तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत गेला असावा. दारातल्या मंजूनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

रूपालीनं हळूच विचारलं, थांबवू का. गोमतीबाईंनी नको म्हणून हात हलवला. इंद्रभानजींनी पिशवीतून वही काढली, खिशातलं पेन काढलं. ओळख सांगून झाली की वकिलानं पक्षकाराची हकीकत लिहून घ्यायची असते, तिच्या शब्दांत, मध्ये न बोलता. हे ते हाताखालच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. वही त्यांनी गुडघ्यावर ठेवली. डाव्या कोपऱ्यात तारीख लिहिली, खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं.

"लग्नाच्या घरी तुमी किती वाजता पोचल्या?" त्यांनी विचारलं. "सकायपासून सांगा."